निवडलेल्यांत ती होती का

चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंचा मुलगा तिथल्याच मंडळीचा पाळक झाला, तेव्हा सगळे म्हणाले, बापाची गादी लेकानं राखली. बापाला जाऊन बरीच वर्षं झाली होती. तोही याच व्यासपीठावरून देवाच्या निवडीबद्दल बोलायचा. आपण देवाला धरत नाही, देव आपल्याला धरतो, असं सांगायचा. ते ऐकून थकलीभागली माणसं घरी जाऊन निवांत झोपायची.

लेक बाहेर शिकला आणि कोण तरणार ते देवानं आधीच ठरवलंय असं मानणाऱ्या नव्या कॅल्विनवाद्यांच्या चळवळीत रमून परतला. शब्द तेच, बाज वेगळा. दिवे आले, ड्रम आले, आईचा ऑर्गन भिंतीशी सरकला. तान्ह्यांचा बाप्तिस्मा त्याला मान्य नव्हता, त्यामुळे बाप्तिस्म्याचं दगडी पात्र अडगळीत गेलं. बाईंनी ब्र काढला नाही. पोरगं जीव ओतून काम करतंय, आपण कशाला मोडता घाला?

मग एका रविवारी तो उपदेशात म्हणाला, "जग घडण्याआधीच देवानं निवड केली. देवाच्या राज्यात कोण आत, कोण बाहेर, ते तुमच्या हातात नाही. पाळण्यातलं बाळसुद्धा तुमचं आहे म्हणून आत जात नाही."

तरुणांनी आमेनचा गजर केला. बाईंना मात्र एकच आठवलं. त्यांची थोरली मुलगी बाप्तिस्म्याआधीच गेली होती. जेमतेम आईकडे टक लावून बघायला लागली होती.

त्या दिवसापासून भर दुपारी घरात बाळ रडू लागलं. बाईंनी खिडक्या लावल्या, रेडिओ मोठा केला. रडणं त्याच्याखालून यायचंच. भुकेचं रडणं नव्हे. कुणीतरी उचलून घ्यावं म्हणून रडतात, तसलं. बाई खोल्या धुंडाळायच्या. एकदा तर कपाटात हात घालून लोंबते कपडे चाचपले. स्वतःचंच हसू आलं, आणि मग घाईघाईनं कपाट लावून टाकलं.

शेवटी जेवताना त्यांनी मुलाला विचारलं, "तुझी ताई कुठे आहे रे?"

त्याला आधी कळेना. कळलं तेव्हा हातातला घास त्यानं ताटात ठेवला. "आई, ते देवालाच ठाऊक."

"तुझे बाबा म्हणाले होते, देवाजवळ आहे."

"मायेपोटी म्हणाले असतील गं. मला माहीत नाही ते मी कसं सांगू?"

त्याचे डोळे भरले होते. बाईंना त्या भरल्या डोळ्यांचीच जास्त भीती वाटली. वेळ मारून न्यायला खोटं बोलणाऱ्यातला तो नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्या त्याला घेऊन थोरल्या दिरांकडे गेल्या. त्यांचा जन्म पाळकांना शिकवण्यात गेला होता. आता दिसायचं कमी, पण डोकं शाबूत होतं. सगळं ऐकून त्यांनी पुतण्याला विचारलं, "आम्हा जुन्या कॅल्विनवाद्यांचं काय काय घेतलंत रे तुम्ही नव्यांनी?"

"निवडीचे ते पाच मुद्दे, काका. जसेच्या तसे."

"ते चारशे वर्षांपूर्वी ज्या धर्मसभेनं ठरवले, तिनंच लिहून ठेवलंय की विश्वासू आईबापांचं लेकरू तान्हेपणी गेलं, तर त्यांनी त्याच्या निवडीबद्दल शंका धरू नये. देवाचा करार, त्याचं वचन, लेकरांशीही असतं. तुम्ही कुलूप उचलून नेलंत, घर मागेच ठेवलंत."

"वाचलंय मी ते. पण तेही माणसंच. चुकले असतील तर?"

"मग खुशाल चुकले म्हण. फक्त त्यांचा वारस म्हणून मिरवू नकोस."

सभेचे ते शब्द ऐकून बाईंना हायसं वाटलं. पण घरी येऊन दार उघडलं, तर आत रडणं चालूच होतं.

थोड्याच दिवसांत मंडळीतल्या गिटारवाल्याचं बाळ गेलं. निवडीच्या त्या उपदेशाला आमेन म्हणण्यात हाच पोरगा सगळ्यांत पुढे होता. कबरस्तानात तो पाळकाकडे बघत म्हणाला, "काहीतरी बोला ना. आत आहे ना ते?"

पाळकानं हातातलं बायबल उघडलं आणि पुन्हा मिटलं. बाळाची आई खाली बसली.

तेव्हा बाई पुढे झाल्या. नवरा आपल्या लेकीच्या कबरीशी जे बोलला होता, तेच त्या बोलल्या. "हे लेकरू देवाजवळ आहे, त्याच्या करारातलं आहे. शंका धरू नका." बोलताना त्यांना ते रडणं ऐकू येत होतं, गर्दीत कुठेतरी, अगदी जवळ. त्या थांबल्या नाहीत. बाळाच्या आईनं त्यांचा पदर घट्ट धरला.

परतताना मुलानं विचारलं, "तुला खात्री आहे, आई?"

"नाही रे. पण तिला तशीच घरी कशी पाठवू?"

पुढच्या रविवारी त्यानं व्यासपीठावरून सांगितलं, की लेकरांबद्दल आपण नको तितकं बोललो. काही तरुण उठून गेले, ते पुन्हा आलेच नाहीत. दगडी पात्र काही त्यानं बाहेर काढलं नाही. पण दुपारी आईपाशी येऊन बसू लागला.

एकदा शेंगा सोलताना बाईंनी मान वर केली. तो वाचायचं सोडून कान देऊन ऐकत होता. चेहरा पांढराफटक. मग तो हळूच उठला आणि रडणं येत होतं त्या आतल्या खोलीकडे गेला. बाईंनी त्याला अडवलं नाही.