शाखेचा भोंगा

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. रिक्षाच्या टपावर बांधून प्रचाराला हिंडवतात ना, तोच. एवढ्या मोठ्या तोंडाला कसली आली भीती, असं तुम्ही म्हणाल. पण या पोटनिवडणुकीत मी फार घाबरलो.

मला उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये एका कारागिराने घडवलं. भगवंतराव पहिल्यांदा खासदारकीला उभे राहिले, तेव्हा त्यांच्या पक्षाच्या अंबरनाथ शाखेने मला विकत घेतलं. माझ्यातून बोलायचे कमळाकर. कारखान्यातली पाळी सुटली की माईक त्यांच्या हातात. त्यांनी साद घातली की पार बदलापूरपर्यंत माणसं हसत बाहेर यायची. भगवंतराव दर वेळी निवडून यायचे आणि मला नवा रंग मिळायचा.

पुढे मतं घटत गेली. रंग द्यायचंही कुणाला सुचेना. मग भगवंतराव वारले आणि त्यांची लेक किर्तीताई उभी राहिली. "सीट गेली तर शाखेला कुलूप," असं सगळे दबक्या आवाजात बोलायचे. कमळाकर आता निवृत्त झालेले, घरी वाट पाहणारं कुणी नाही. शाखा गेली तर ते जाणार कुठे? त्यांचा आवाज कापायला लागला, आणि तो कापरा आवाज मलाच मोठा करावा लागे.

प्रचाराच्या शेवटच्या दिवशी आम्ही विठ्ठलवाडीच्या एका चाळीत शिरलो. किर्तीताई मागच्या जीपमध्ये होत्या. एकही दार उघडेना. शिव्या परवडल्या, पण ती शांतता नको! कमळाकर भेदरले आणि जुनी सवय तोंडातून निसटली, "भगवंतरावांनाच मत द्या!"

गेलेल्या माणसासाठी मत! दारं धडाधड उघडली. राजाबाई नावाची म्हातारी कमरेवर हात ठेवून पुढे आली.

"ते गेले ना रे कमळाकर? आता मत द्यायला वर जाऊ का?" कुणी हसलं नाही. "पाणी चार दिवसांनी येतं आमच्याकडे. ते बोल की तुझ्या भोंग्यातून."

कमळाकर रिक्षातून उतरले. मग त्यांनी माईक तिच्या हातात दिला. "तुम्हीच बोला, राजाबाई."

ती बोलली. नळ, गटार, बंद पडलेला दवाखाना, सगळं बोलली. माझ्यातून पहिल्यांदाच चाळ बोलत होती. मला आनंद व्हायला हवा होता, पण मला शाखेच्या दारावरचं कुलूप दिसायला लागलं. जीपमध्ये किर्तीताईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. शाखाप्रमुख संतोष धावत आला.

"काका, पागल झालात काय? अपनीच वाट लावली तुम्ही! उद्यापासून शाखेत पाय नाय ठेवायचा."

मतमोजणी अजून व्हायची आहे. मी शाखेच्या माळ्यावर उपडा पडलो आहे. काल भंगारवाला मला ठोकून बघून गेला. माझं काय व्हायचं ते होईल. पण मित्रांनो, कमळाकर त्या दिवसापासून कुणाला दिसलेले नाहीत. ज्यांनी जन्मभर गावाला हाका मारल्या, त्यांना हाक मारायला कुणी गेलेलं नाही. शाखेमागच्या चाळीत त्यांची कोपऱ्यातली खोली आहे. तिकडून जाणं झालं, तर जरा दार वाजवा.