कोकिळाचं नाव कोरलेला पेला

मी एक जुना पितळी पेला आहे, मित्रांनो, आणि माझ्या पोटावर ‘कोकिळा’ असं नाव कोरलेलं आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं दुखणं त्यातलंच आहे.

कोकिळाच्या लग्नात तिच्या आईने मला बुऱ्हाणपूरच्या बाजारातून घेतलं. पंधरा वर्षं मी शाहपुरात, केळीच्या मळ्यातल्या घरात नांदलो. दर दिवाळीला मला कल्हई होई. थंडीत कोकिळा माझ्यात चहा ओतायची आणि दोन्ही हात माझ्याभोवती धरून शेकायची. तेव्हा ती कुणाशी बोलायची नाही. तेवढा वेळ माझा असायचा.

यंदा दिवाळीनंतर तिने मधमाश्या पाळण्याचं चार दिवसांचं शिक्षण घेतलं आणि एक लाकडी पेटी घरी आली. झालं! उठल्या उठल्या बाई पेटीकडे. माझ्यातला चहा निवून जायचा, वर साय धरायची. मी जळायचो. जळून जळून काळा पडलो म्हणा ना, कारण मला नीट घासायलाही तिला सवड नव्हती. त्या पेटीवर कुणाचं नाव होतं, सांगा? नुसता रंगवलेला आकडा!

पौषात गारठा वाढला. माश्यांना ऊब पुरते की नाही, या काळजीने कोकिळा रोज सकाळी झाकण काढून आत डोकवायची. आठवड्यात पेटीच्या दाराशी मेलेल्या माश्या दिसू लागल्या. ती रडवेली झाली. मला मात्र, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. पेटी ओस पडली की सकाळ पुन्हा माझीच.

तिची सासू सरुबाई ओसरीवरून हे पाहत होती. ती म्हणाली, “रोज झाकण उघडशीन तं आतली ऊब जाईन. तू बाळंतीन होती तवा मी लेकराची गोदडी उचलू उचलू पाहे का?”

मग तिने माझ्यातला गार चहा फेकला आणि मला सुनेच्या हातात दिलं. “हा लाव पेटीले, अन् कान दे.”

कोकिळाने माझं तोंड फळीला टेकवलं, बुडाला कान लावला आणि पेटीवर हळूच टकटक केली. शिक्षणात सांगितलं होतं: आवाज उठून लगेच निवला तर घर धडधाकट, रडल्यासारखा लांबत राहिला तर राणी गेली. मित्रांनो, तेव्हा मला गप्प बसायचं होतं. पण पितळेला ते जमत नाही. माझ्या पोटात गुणगुण उठली आणि लगेच शांत झाली.

“आहे,” कोकिळा म्हणाली. “राणी आहे.” तिचे डोळे भरून आले.

आता झाकण बंद असतं, वर बारदान असतं. रोज सकाळी त्या माश्यांची खुशाली मीच सांगतो. माझी जळफळ काही गेलेली नाही. पण ऐकून झालं की कोकिळा मला दोन्ही हातांत धरून थोडा वेळ उभी राहते. मी रिकामा असतो, तरी धरते.

मित्रांनो, ज्यांच्यावर जीव आहे त्यांचं झाकण रोज काढू नका, बाहेरून कान लावा. आणि घरातला जुना पेला अधूनमधून घासत जा. त्यात चहा ओतलात तर उपकार होतील.