दुधावरची शंका

बाळंतिणीनं कोणतं औषध घ्यायचं, हे आपल्याकडं बऱ्याच घरांत डॉक्टर नाही, घरातली वडीलधारी बाईच ठरवते. बीदर जिल्ह्यातल्या ठाणाकुशनूरच्या पार्वतीबाईंनीही तसंच ठरवलं, आणि तेही मायेपोटी.

त्यांची सून स्नेहल हिच्या हृदयाचे ठोके मधूनच बेसुमार वाढत. त्यासाठी ती रोज गोळी घेई. लेक दीड महिन्याची झाली होती. एका सकाळी गोळी गिळून स्नेहलनं तिला पदराखाली घेतलं, ते पाहून पार्वतीबाई हातातलं काम टाकून जवळ आल्या.

"काळजाची गोळी खायलीस अन् लगेच लेकराला पाजायलीस? दुधातून लेकराच्या काळजात उतरंल की ती."

"आत्या, डॉक्टरांनीच सांगितलंय, चालू ठेव म्हणून."

"डॉक्टर येणार हाय का लेकरू सांभाळायला? पाजायलीस तवर गोळी बंद."

स्नेहललाही मनातून तीच भीती होती. तिनं गोळी सोडली. नवरा बुद्धरत्न हैदराबादला नोकरीला, त्याला दोघींनी काही कळवलं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी बाळाला पाजता पाजता तिची छाती जोरात धडधडू लागली, ओठ पांढरे पडले आणि ती एका अंगावर कलंडली. मांडीवरून घसरणारं बाळ पार्वतीबाईंनी कसंबसं धरलं. शेजारच्या व्यंकटनं गाडी काढून सगळ्यांना बीदरच्या दवाखान्यात नेलं.

संध्याकाळपर्यंत ठोके ताळ्यावर आले. चंद्रम्मा नावाच्या वयस्क नर्सनं विचारलं, "गोळी चुकली होती का?"

सासूवर बोट ठेवायला स्नेहलचं मन होईना. पार्वतीबाईंनाही गप्प बसता आलं असतं.

"म्या बंद केली," त्या म्हणाल्या.

"कामून, अक्का?"

तेव्हा पार्वतीबाईंनी कधीच कुणाला न सांगितलेलं सांगितलं. बत्तीस वर्षांपूर्वी त्यांची पहिली मुलगी दोन महिन्यांची असताना गेली. त्याआधी त्यांनी तापाच्या दोन गोळ्या घेतल्या होत्या. 'तुझ्या दुधातून गेलं लेकराला,' असं त्यांची सासू चारचौघांत बोलली होती.

चंद्रम्मा त्यांच्याजवळ बसली. "लेकरू कशानं गेलं, ते आज कुणालाच सांगता येणार न्हाई. पण तापाच्या साध्या गोळीनं दुधाचं इख होत न्हाई, अक्का. तुमच्यावर उगाच आळ आला."

पार्वतीबाईंनी तोंडाला पदर लावला.

"अन् हिची गोळी डॉक्टरांनी लेकराचा इचार करूनच दिली हाय," चंद्रम्मा पुढं म्हणाली. "दुधात जाते, पण लई थोडी. ठोक्यांच्या सगळ्याच गोळ्या तशा नसतात. काही पाजणाऱ्या बाईला चालत न्हाईत, म्हणूनच इचारायचं असतंय. लेकरू सारखं पेंगायलं, नीट पिईना, वजन वाढंना, तर लगेच घेऊन यायचं. आपल्या मनानं बंद मात्र करायचं न्हाई. आई पडली तर लेकरू कुणाकडं बघंल?"

डॉक्टरांनी बाळाला तपासलं. वजन आणि ठोके दोन्ही ठीक होते. त्याच रात्री गोळी पुन्हा सुरू झाली, आणि पाजणंही थांबलं नाही. "चुकले गं पोरी," म्हणत पार्वतीबाईंनी सुनेच्या केसांतून हात फिरवला.

आता नात सात महिन्यांची आहे, चांगली बाळसेदार. परवा अंगणवाडीत लसीच्या दिवशी अंजू नावाची बाळंतीण हळूच म्हणाली, "घरचे म्हणायलेत, फिटची गोळी सोड."

पार्वतीबाई तिला हाताला धरून थेट लस टोचायला आलेल्या नर्सबाईंकडं घेऊन गेल्या. "हिच्या मनात शंका हाय, ती इथंच फेडा."

वाचकहो, आईच्या औषधाबद्दल शंका येणं यात काही वावगं नाही. ती माया असते. पण त्या मायेनं उंबऱ्याच्या आत निकाल लावू नये, दवाखान्याची पायरी चढून विचारावं. आई धडधाकट राहणं, हाही बाळाचाच हक्क आहे.