दोघांमधली बादली

मी एक जुनी पत्र्याची बादली आहे. मित्रांनो, गोष्टीचा शेवट आधीच सांगून टाकते: धाकटा परत आला नाही. झालं, सांगितलं. आता तुम्ही हे ऐकलंच नाही असं समजा. मीही तसंच समजते. हिवाळाभर मी दुसरं काही केलेलं नाही.

तर, धाकटा आहे. चांगला धडधाकट आहे, आणि मला दोर बांधून धक्क्यावरून खाली सोडतो आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. बालपण दुकानात, एकीच्या पोटात एक अशा बहिणींबरोबर गेलं. मग दोन भावांनी मला आपल्या होडीसाठी विकत घेतलं. वाटलं होतं, आता मासे भेटतील. मिळालं पाणी तपासायचं काम. हिवाळ्यात होडी काढण्याआधी धाकटा मला पाण्यात बुडवून वर ओढी, आत तापमापक टाकी, आणि त्यावर भरवसा नसल्यासारखा स्वतःचा हातही कोपरापर्यंत घाली. पाणी किती गार, किती गढूळ, मासा तळाशी गेलाय की वर आहे, हे तो त्यावरून ओळखे. आभाळाचं खातं थोरल्याकडे. तो रेडिओवरचा हवेचा अंदाज ऐके, धुराड्यांचा धूर कुठे वळतो ते बघे, नाक वर करून उभा राही. मग दोघं आपापलं अर्धं शहाणपण एकत्र करत आणि जायचं की नाही ते ठरे. धाकट्याला आभाळातलं ओ की ठो कळत नसे. थोरल्याला पाणी ओलं असतं एवढंच ठाऊक.

पुढे होडीला रंग कोणता द्यायचा यावरून दोघांचं वाजलं. एकाला निळा हवा, दुसऱ्याला हिरवा. शेवटी डावी बाजू निळी झाली, उजवी हिरवी झाली आणि बोलणं बंद झालं. होडी एक दिवसाआड वाटून घेतली. हवापाणी मात्र वाटता येईना. तेव्हा दोघं माझ्या दोन बाजूंना उभे राहून माझ्याशी बोलू लागले.

"बादलीबाई, पलीकडच्या सद्गृहस्थांना सांगा, पाणी नितळ आहे. जाळं खोल सोडा म्हणावं," धाकटा म्हणे.

थोरला कमी बोले. "सांग त्याला, वारा पडलाय."

ऐकलं हे कळवायला दुसरा मला बुटाने हलकी लाथ मारी. ठण्! म्हणजे पोचलं. आणि कोणी काहीच बोललं नाही, तर सगळं ठीक.

वहिनी, म्हणजे थोरल्याची बायको, डबा घेऊन आल्या की कपाळावर हात मारून घेत. "भाऊजी, माणसं तोंडाने बोलतात हो! एवढे वाढलात, अक्कल काय होडीत विसरलात?"

"माझी तयारी आहे वहिनी. आधी बादलीला विचारा."

थोरला तोंड फिरवून हसे. मी पाहिलंय. धाकट्याने मात्र ते कधी पाहिलं नाही.

माझा मान वाढला होता. धक्क्यावरचे लोक मला 'वकीलसाहेब' म्हणत. असे वकील तुम्ही पाहिले नसतील, फी म्हणून लाथा घेणारे.

त्या सकाळी होडी धाकट्याची होती. पाणी बघून तो खूश झाला. मला रिकामी करून काठावर ठेवलं, खाली उतरला आणि इंजिन चालू केलं. इतक्यात थोरला पायऱ्या उतरून आला. नाक लाल, रेडिओ काखेत.

"दुपारी वादळ आहे," तो मला म्हणाला. "जाऊ नको म्हणावं."

ओरडला नाही. ज्याच्याशी आपण बोलत नाही, त्याला ओरडून कसं सांगणार? इंजिनाच्या धडधडीत ते शब्द माझ्यापुढे गेलेच नाहीत. धाकटा होडीचा दोर सोडत होता. दोराची ओली गाठ उसळून माझ्या अंगावर आदळली.

ठण्!

थोरल्याने मान हलवली, कॉलर वर केली आणि तो पायऱ्या चढू लागला. पोचलं, पाय पुरत नाही म्हणून दोराने ठोकलं, आता हा इंजिन बंद करेल, असं त्याला वाटलं. धाकट्याने वर पाहिलं, तर भाऊ काही न बोलता परत चाललेला. म्हणजे आभाळ ठीक. तो निघाला.

होडी दुसऱ्या दिवशी सापडली, पालथी. ती सरळ असताना एका वेळी एकच रंग दिसे. त्या दिवशी तळावर निळा आणि हिरवा एकमेकांना भिडलेले सगळ्यांनी पाहिले. थोरल्यानेही.

तो अजून रोज येतो. कोणी होडी काढू लागला की बाहीला धरून त्याच्या तोंडावर ओरडतो, "दुपारी वारा आहे! काय आहे?"

"वारा आहे."

"पुन्हा म्हण!"

कोणी वैतागत नाही. पुन्हा म्हणतात. सगळे गेले की तो मला पाण्यात सोडतो आणि हात कोपरापर्यंत बुडवतो. "फार गार आहे रे," एवढंच म्हणतो आणि वाट बघतो. एकदा वहिनींना ते बघवेना. त्यांनी मला मारायला पाय उचलला, आणि तसाच खाली ठेवला.

मित्रांनो, काम झालं की बादली पालथी ठेवावी, म्हणजे गंज लागत नाही. आणि भावाला सांगायचं ते भावालाच सांगावं.

माननीय संबंधित अधिकारी यांस नम्र विनंती की, अर्जदार बादलीस एका वाक्यापुरती वाचा मंजूर करण्यात यावी, व सदर मंजुरी त्या सकाळपासून, मागील तारखेने, लागू करण्यात यावी.