दिसणारं पण न चालणारं बटन

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. काच तडकलेली, पाठीला रबर बांधलेलं. हसायचं तर आत्ताच हसून घ्या. पुढे हसण्यासारखं काही नाही.

खालापूरच्या डोंगरातल्या एका वाडीवर मी राहतो. मंगळीने मला साजगावात जुनाच विकत घेतलं. तिचा नवरा जैतू, त्याची दोन्ही मूत्रपिंडं गेलेली. आठवड्यातून दोनदा खालच्या केंद्रात मशीनवर रक्त धुऊन घेतलं तर तो जगणार. त्यासाठी दर रविवारी केंद्राच्या इंटरनेटवरच्या पानावर नाव टाकून पाळी धरायची.

हे काम सून तेजश्रीचं. मी लगेच तापायचो आणि बंद पडायचो, म्हणून तिने माझ्या ब्राउझरमधलं स्क्रिप्ट बंद करून टाकलं. स्क्रिप्ट म्हणजे पानाच्या आत चालणारी यंत्रणा. तिच्यावाचूनही ते साधं पान नीट चालायचं. नाव, तारीख, बटन. संपलं.

रेंज टेकडीवरच, तीही येत-जात. तेजश्री तिथे बटन दाबायची, रेंज आली की नाव जावं म्हणून मला फडक्यात घालून ऐनाच्या झाडाला टांगायची आणि कामाला जायची. संध्याकाळी उतरवायची. कधी उत्तर आलेलं असे, कधी नसे, पण नोंद झालेली असायचीच. मग उत्तर बघायची सवयच सुटली. मंगळी वाडीभर सांगायची की आमचा डबा झाडावर बसून पाळी आणतो. माझी छाती फुगायची.

मग केंद्राने पान बदललं. वरमाईसारखं नटवलं. चौकटी तशाच, बटनही जागेवर. पण स्क्रिप्ट नसेल तर ते बटन मेलेलं. तसं सांगणारी एक ओळ लिहायला कुणाचे हात मोडले होते? तेजश्रीने दाबलं, मला टांगलं, गेली.

सोमवारी जैतूला टेंपोत घालून नेलं. खिडकीतला माणूस म्हणाला, नाव नाही, मशीन भरल्यात, गुरुवारी या. मंगळी सांगत राहिली की नाव टाकलंय, फोन दिवसभर झाडावर होता. रांगेतले लोक हसले.

बुधवारी जैतू गेला.

दिवसकार्य झाल्यावर मंगळीने सुनेला विचारलं, "तू बटन दाबलं व्हतंस ना गं?"

"दाबलं व्हतं, आय."

"मग नाव का नाय गेलं?"

मंगळीने पुन्हा विचारलं नाही. पण तेव्हापासून ती मला सुनेच्या हातात देत नाही, आणि तिच्या हातचं जेवतही नाही.

मित्रांनो, तेजश्रीने दाबलं होतं. एकदा नाही, तीनदा. तिचा अंगठा माझ्याच काचेवर होता. तुम्हाला सांगतो आहे, मंगळीला सांगू शकत नाही.

तुमच्यातलं कुणी उद्या अशी पानं बांधणार असेल, तर खुशाल नटवा. पण नाव, तारीख आणि पाठवायचं बटन एवढं तरी माझ्यासारख्या म्हाताऱ्यावर, स्क्रिप्ट बंद असतानाही चालू द्या. नसेल जमत, तर इथून नाव जात नाही असं ठळक लिहा. तेजश्री नाव टाकायला केंद्रापर्यंत पायी गेली असती. अडीच तासांची उतरण आहे, तिला काही जड नव्हती.