हात पोचेल तिथे

कपाटाचं दार ओट्यावर आडवं टाकून तिने ब्रश डब्यात बुडवला, काठावर निथळवला आणि पहिला फटकारा ओढला. पोपटी. असा पोपटी की खिडकीबाहेरच्या झाडाने लाजावं. डाव्या मनगटाला अजून पट्टा बांधलेला होता, पण रंगवायला उजवा हात लागतो आणि तो ठणठणीत होता. रंगाचा डबा तिने स्टूलावर ठेवला होता. त्या स्टूलाचा आता तेवढाच उपयोग.

मुलगा किल्लीने दार उघडून आत आला तो नाकाला रुमाल लावूनच.

"आई, हे काय चाललंय?"

"दिसत नाही? रंगकाम."

त्याने स्वयंपाकघरावर नजर फिरवली. ओट्यावरची कपाटं भिंतीवरून उतरून जमिनीवर बसली होती, रंगवून वाळलेली. त्यांची दारं बिजागऱ्या काढून वर्तमानपत्रांवर पसरलेली, आणि कुठलं दार कुठलं ते चुकू नये म्हणून प्रत्येकाच्या पाठीवर खडूने आकडा. हळूहळू त्याचा चेहरा खुलला.

"हां, रविवारसाठी! झकास केलंस. बघायला येणाऱ्यांना तेलकट कपाटं दिसायला नकोत. पण पोपटी कशाला गं? क्रीम लावायचास, कुणालाही चालतो."

"रंगाचा दुकानदारही तेच म्हणाला. घर विकायचं असेल तर क्रीम न्या, राहायचं असेल तर मनाला येईल तो."

मुलाने ते कानाआड केलं. ऐकून न ऐकल्यासारखं करण्यात तो थेट बापावर गेला होता.

रविवारी घर बघायला माणसं येणार होती. आई स्टूलावरून पडली, मनगट मोडलं, आणि प्लास्टर ओलं होतं तेव्हाच मुलाने ठरवून टाकलं: आईने आता एकटीने राहायचं नाही, हे घर विकायचं, आई आमच्याकडे. मायेपोटी ठरवलं, ते तिला कबूल होतं. पण विचारलं कुणी? घर तिचं, मनगट तिचं, आणि तिला सोडून सगळ्यांशी बोलणं झालेलं! तेव्हा ती गप्प राहिली, कारण हात ठणकत होता. आता ठणकत नव्हता.

सुतार येतो म्हणाला आणि आला नाही, सुतारच तो. मग शेजारीण आणि तिचा नवरा यांनी कपाटं उतरवून दिली, आणि तिने पेन्सिलने खुणा केल्या तिथे शेजाऱ्याने नवी भोकंही पाडून दिली. पुढचं सगळं तिचं. सोड्याच्या गरम पाण्याने इतक्या वर्षांचा चिकटा काढला, पॉलिश पेपरने घासता घासता बोटं सोलवटून घेतली, प्रायमर मारला, वाळेपर्यंत जिवाला आवर घातला.

"आलायस तर हात लाव," ती म्हणाली. "हे कपाट टांगायचंय. उचल."

मुलाने बाह्या सारल्या. कपाट उचललं आणि सवयीने जुन्या जागी नेऊन भिंतीला टेकवलं.

"लाव स्क्रू."

"खाली घे."

"अगं, भोकं इथेच आहेत."

"ती जुनी. खाली घे."

त्याने जरासं खाली घेतलं.

"अजून."

"आई, अजून खाली आलं तर ओट्याशी उभं राहताना डोकं आपटेल!"

"तुझं आपटेल. माझं नाही."

"बाबांनी नीट माप घेऊन बसवली होती ही."

"घेतलं होतं ना. स्वतःचं." तिने स्क्रू दातांतून हातात घेतला. "टेप माझ्या हातात होता. ते भिंतीला पाठ लावून उभे राहिले, हात वर केला आणि म्हणाले, कर इथे खूण. जन्मात कधी त्या ओट्याशी उभं राहून चहा केला नाही त्यांनी! आणि मी बावळट, केली खूण. तेव्हापासून हे स्टूल माझ्या मागे लागलंय."

मुलाचे हात भरून आले होते. कपाट तसंच पेलून तो उभा होता.

"म्हातारी झाले म्हणून नाही पडले मी," ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज चढला. "साखरेचा डबा वर होता म्हणून पडले. समजलं? घे खाली."

त्याने खाली घेतलं. नव्या भोकांशी भोकं जुळली. जमिनीवर दोन्ही पाय रोवून, टाच न उचलता, तिने एकेक स्क्रू पिळून घट्ट केला. वर भिंतीवर नवऱ्याची भोकं उघडी राहिली.

"रविवारच्या माणसांना काय सांगू मी?"

"येऊ नका म्हणून सांग. आलीच तर म्हणावं, डोकं सांभाळा."

त्याला हसू आलं, ते त्याने दाबलं. मागे सरकताना त्याचा हात ओल्या दारावर पडला आणि तळवा पोपटी झाला. तेवढ्यात बायकोचा फोन आला. करंगळीने त्याने स्पीकर लावला.

"काय म्हणतायत आई? सामान कधी हलवायचं ठरलं?"

आईने साखरेचा डबा उचलून टांगलेल्या कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला. काढला. परत ठेवला. तो बघत राहिला.

"अरे, ऐकतोयस ना?"

"अगं," तो म्हणाला, "आपल्याकडची ती वरची कपाटं... त्यातलं सामान तू कसं काढतेस?"

"कसं म्हणजे? स्टूलावर चढून. का रे?"

आईने स्टूलावरचा रंगाचा डबा उचलून आत डोकावून पाहिलं.

"रंग उरेल," ती म्हणाली. "जाताना टेपही घेऊन जा."