लंडनसाठी एकोणीस सूचना

नवव्या सूचनेपर्यंत माझा संसार ठीक चालला होता.

हनीफ माझा धाकटा भाऊ, दुबईत जनरेटर दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत मेकॅनिक. १९६५ च्या मार्चमध्ये कंपनीनं त्याला आठ आठवड्यांच्या ट्रेनिंगला लंडनला पाठवायचं ठरवलं. तिकीट दिलं, पण वरखर्चाला पाऊंड इतके मोजके की माणसानं एक तर जेवावं, नाही तर फिरावं. विमान शनिवारी सकाळचं होतं. शुक्रवारी जुम्म्याची नमाज आणि जेवण उरकून तो दुबईच्या देरा भागातल्या आमच्या खोलीत पाय पसरून बसला.

"दुल्हेभाई, यल्ला, सांगा. कमी पैशात लंडन कसं करायचं?"

माझे मिस्टर तय्यब याचीच वाट बघत होते. पूर्वी ते जहाजावर भंडारी होते, म्हणजे खलाशांचे स्वयंपाकी. आता दुबईत एका मेसमध्ये डेगी हलवत, पण चार वेळा लंडन बंदराला लागल्याचा तोरा काही उतरला नव्हता. मी दाभोळच्या शाळेतली सातवी पास, म्हणून वही-पेन्सिल माझ्या हातात आली.

त्या चार सफरींपैकी तिसरीबद्दल आमच्या घरात कुणी बोलत नसे. १९५६ च्या शेवटी सुएझचा कालवा बंद झाला आणि यांचं जहाज मध्येच अडकलं, असं त्यांनी परत आल्यावर सांगितलं. पत्र नाही, निरोप नाही. त्याच हिवाळ्यात आमची चार वर्षांची अजरा तापानं फणफणली. दोन महिने ती अंथरुणाला खिळली होती. मी तिला सांगायचे, कालवा उघडला की अब्बा येतील. ती सकाळी डोळे उघडले की विचारायची, "कालवा उघडला?" फेब्रुवारीत ती गेली. हे जुलैत आले. माझ्या सासूबाई, मरियमबी, पोटच्या पोराला दारातच वाट्टेल ते बोलल्या. मी मध्ये पडले. म्हटलं, कालवा बंद होता, त्यांचा काय दोष? गावात, माहेरात, सगळीकडे मी हेच सांगत फिरले. आठ वर्षं त्यांच्याबरोबर नांदले ती या एका वाक्यावर.

"लिही," तय्यब म्हणाले. "एक. कोट नवा घ्यायचा नाही. रविवारच्या बाजारात जुना मिळतो. दोन. बसमध्ये दोन स्टॉप अलीकडेच उतरायचं. तिकिटाचे टप्पे असतात. थोडं चाललास तर एक टप्पा वाचतो."

"मासे खाऊ ना?" हनीफनं विचारलं.

"खा की. पण तेलात तळलेत की चरबीत, आधी विचार. कधी कधी डुकराच्या चरबीत तळतात. अन्वरी, तीन, हे मोठ्या अक्षरात लिही. चार. पाव संध्याकाळी घ्यायचा, दुकान बंद व्हायच्या टायमाला, स्वस्तात देतात. बिस्किटं तुटकी मागायची. पोटात जाऊन तुटणारच आहेत."

हनीफ हसला, मीही हसले. पाचवी सूचना म्युझियमची, फुकट. सहावी लायब्ररीची, तीही फुकट आणि वर उबदार. सातवी आंघोळीची, तिचे पैसे वेगळे. आठवी गॅसची.

"खोलीत गॅसचा मीटर असतो. शिलिंग टाकलं की शेगडी पेटते. एक शिलिंग म्हणजे आपले दहा-अकरा आणे. रात्री झोपताना टाकायचं नाही, फुकट जातं. पहाटे टाक, उठायच्या वेळेला."

"जहाजावर कसला आलाय मीटर?" मी चिडवलं.

"दोस्ताची खोली होती. जायचो कधी कधी," ते म्हणाले आणि घाईनं पुढं गेले. "नऊ. नकाशा विकत घेऊ नकोस. पायी फिर, आपोआप समजतं. मला गल्ली न् गल्ली पाठ झाली ती अशीच. त्या हिवाळ्यात पेट्रोल रेशनवर होतं, बसगाड्या कमी. कामावर जायचं तर चालतच जावं लागे."

मी लिहिलं, नकाशा घेऊ नये. मग पेन्सिल थांबली.

तो हिवाळा मला कुणी शिकवायला नको. गावात पोस्टमास्तरांकडे दोन दिवसांचा शिळा पेपर यायचा आणि त्यात 'सुएझ' हा शब्द शोधायला मी रोज जायचे. कालवा बंद म्हणून तेलाची जहाजं अडली, विलायतेत पेट्रोल रेशनवर गेलं, हे मी स्वतः वाचलं होतं. वाचून मला बरंही वाटलं होतं. म्हटलं, चला, साहेबालाही झळ लागली, आता तरी कालवा लवकर उघडतील.

लंडनमध्ये पेट्रोल रेशनवर होतं तो हिवाळा एकच. आणि त्या हिवाळ्यात माझा नवरा कालव्यात होता.

ओरडावंसं वाटत होतं, पण समोर हनीफ होता. उद्या त्याला परक्या मुलखात उतरायचं होतं आणि यादी अर्धीच झाली होती.

"कोणत्या हिवाळ्यात?" मी वहीतून मान वर न करता विचारलं.

"असाच एक. तू लिही. दहा..."

दहावी, अकरावी, बारावी मी काय लिहिली ते मला आजही सांगता येणार नाही. मग मीच विचारायला लागले.

"खोलीचं भाडं आठवड्याचं द्यायचं की महिन्याचं?"

"आठवड्याचं. पण महिनाभर राहणार म्हटलं की घरवाली थोडं कमी करते."

"आणि चार-पाच महिने राहणार म्हटलं तर?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सरळ त्यांच्या डोळ्यांत पाहत होते.

"हनीफला आठच आठवडे राहायचंय," ते हळू म्हणाले.

"आपा, तूच चाललीस की काय लंडनला?" हनीफ खदखदून हसला. त्या बिचाऱ्याला काय माहीत? तेव्हा तो सोळा वर्षांचा होता, मुंबईत मामाकडे.

सोळा, सतरा, अठरा. साबण, छत्री, रांगेत घुसायचं नाही. त्यांचा आवाज आता एखाद्या शाळकरी पोरासारखा येत होता.

"एक राहिलं," मी म्हटलं. "घरची पत्रं. ती कुठल्या पत्त्यावर मागवायची?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं त्यांचं झालं. अजरा आजारी पडली तेव्हा मी एक पत्र त्यांच्या कंपनीच्या लंडन ऑफिसवर टाकलं होतं. म्हटलं, तिथून कुणी तरी जहाजावर पोचवील. त्या पत्राबद्दल मी नंतर कधी विचारलं नव्हतं. कालव्यात कुठलं पत्र पोचतंय?

"पुढचं नंतर," ते म्हणाले. "हनीफ, तुझे बूट आणायचे होते ना?"

बूट चांभाराकडे होते, खाडीपलीकडे. हनीफ घड्याळ बघत उठला. "आब्र्याच्या होडीनं जातो आणि येतो. एक तास. लिस्ट खलास करून ठेव, आपा."

त्याच्या चपलांचा आवाज गल्लीत विरेपर्यंत मी थांबले.

"तुम्ही लंडनमध्ये होता."

त्यांनी वही मिटून बाजूला सरकवली.

"जहाज कालव्यात होतं?"

"जहाज आफ्रिकेला वळसा घालून गेलं. मी उतरलो होतो. एका हॉटेलच्या किचनमध्ये काम मिळालं. वाटलं, दोन महिने करू."

"पत्र मिळालं?"

त्यांनी दोन्ही हातांनी गुडघे धरले. "मिळालं. ऑफिसमधल्या एका दोस्तानं आणून दिलं. जानेवारीत."

"काय लिहिलं होतं मी?"

"अन्वरी..."

"काय लिहिलं होतं?"

"मला तेव्हा माहीत नव्हतं. अल्लाची कसम. मी फोडलंच नाही. तुझं अक्षर ओळखलं आणि मीटरवर ठेवून दिलं. अकरा दिवस."

गॅसच्या मीटरवर. पहाटे उठून शिलिंग टाकताना रोज दिसत असणार. मी विचारलं, "का?"

ते रडायला लागले. मला दया आली नाही. खोटं कशाला सांगू?

"फोडलं असतं तर निघावं लागलं असतं," ते म्हणाले. "मी कुणाचा मुलगा नव्हतो तिथं, कुणाचा बाप नव्हतो. संध्याकाळी तुटकी बिस्किटं घ्यायचो, नदीवर जाऊन बसायचो. बरं वाटायचं गं. अकराव्या दिवशी फोडलं आणि मग जहाज मिळेना. खरंच मिळेना. मिळालं तेव्हा फार उशीर झाला होता."

"ती रोज विचारायची, कालवा उघडला का."

"माहीत आहे. तूच सांगितलंस."

"मी तुला सांगितलं आणि तू ऐकून घेतलंस?"

लग्नाला चौदा वर्षं झाली होती. त्यांना 'तू' मी तेव्हा पहिल्यांदा म्हटलं. अकरा दिवस आधी निघाले असते तर ते पोचले असते का, हे मला ठाऊक नाही. बहुतेक नसतेच. पण मी माफी दिली होती ती अडकलेल्या माणसाला. या माणसाला मी कधीच काही दिलं नव्हतं. ती माफी मी तिथल्या तिथे परत घेतली, आणि हे मोठ्यानं त्यांना सांगितलंसुद्धा.

हनीफ आला तेव्हा बूट चकचकीत होते आणि तो घामाघूम. "झाली लिस्ट?"

"एक मिनिट," मी म्हटलं. पेन्सिलीचं टोक तुटलं होतं, ते सुरीनं काढलं. सावकाश, सुवाच्य अक्षरात शेवटची ओळ लिहिली आणि वही त्याच्या हातात दिली.

तो मोठ्यानं वाचायला लागला. "एकोणीस. घरून पत्र आलं तर त्याच दिवशी फोडायचं." त्यानं गोंधळून वर पाहिलं. "यात काय पैसे वाचणार, आपा? हे तू तुझ्या मनानं घातलंस?"

"नाही," मी म्हटलं. "हे तुझ्या दुल्हेभाईंच्या अनुभवातलं आहे. विचार त्यांना."